ब्ल्यू-रे की एचडी डीव्हीडी : सिनेमांच्या यादीने निकाल कसा लावला? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ इथून डिस्क जमवणारे आणि नव्याने होम थिएटर लावणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. ब्ल्यू-रे आणि एचडी डीव्हीडी हे डीव्हीडीहून बारीक (एचडी) चित्र देणाऱ्या डिस्कचे दोन प्रतिस्पर्धी प्रकार, म्हणजे फॉरमॅट. बहुतेक जण विचारतात, "दोघांत तंत्र कोणाचं चांगलं होतं?" तो प्रश्न रास्त आहे, पण २००६ ते २००८ या काळात निकाल लागला तो कोणता सिनेमा कुठे मिळतो आणि कुठे मिळत नाही यावर. प्रश्न १ ते १३ त्या लढाईबद्दल आहेत. घरातल्या प्लेअरचीच अडचण असेल तर थेट प्रश्न १४ पासून वाचा.

१. ब्ल्यू-रे आणि एचडी डीव्हीडी यांत मुळात फरक काय होता?

दोन्ही डिस्क १२ सेंटिमीटरच्या. दोन्हीकडे ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेझर. फरक होता तो माहितीचा थर पृष्ठभागापासून किती खोल आहे यात. एचडी डीव्हीडीत तो डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर आत होता, ब्ल्यू-रेत फक्त ०.१ मिलिमीटर. थर इतका वर असल्यामुळे ब्ल्यू-रेची लेन्स प्रकाशाचा ठिपका जास्त बारीक करू शकते आणि तेवढ्याच जागेत जास्त माहिती बसते. म्हणून ब्ल्यू-रेच्या एका थरात २५ जीबी आणि दोन थरांत ५० जीबी, तर एचडी डीव्हीडीत १५ आणि ३०. तुलनेला साधी डीव्हीडी ४.७ आणि ८.५ जीबीची.

एचडी डीव्हीडीची जमेची बाजू कारखान्यात होती. डिस्कची बांधणी डीव्हीडीसारखीच असल्याने जुन्या यंत्रांवर थोड्या खर्चात ती छापता यायची. ब्ल्यू-रेसाठी नवी यंत्रं लागत. एचडी डीव्हीडीमागे तोशिबा आणि एनईसी होत्या. ब्ल्यू-रेमागे सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स, पायोनिअर आणि इतर बऱ्याच कंपन्या. अमेरिकेत एचडी डीव्हीडी १८ एप्रिल २००६ ला आली, ब्ल्यू-रे २० जून २००६ ला.

२. कोणता स्टुडिओ कोणत्या बाजूला होता?

सहा मोठे स्टुडिओ धरा. सोनी, फॉक्स आणि डिस्ने फक्त ब्ल्यू-रेवर. युनिव्हर्सल फक्त एचडी डीव्हीडीवर. वॉर्नर आणि पॅरामाउंट सुरुवातीला दोन्हीकडे. सहांबाहेरचं लायन्सगेट ब्ल्यू-रेकडे होतं.

आता ग्राहकाच्या जागेवरून मोजू. ब्ल्यू-रे घेणाऱ्याला सहापैकी पाच स्टुडिओंचे सिनेमे मिळत, एचडी डीव्हीडी घेणाऱ्याला तीन. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट फक्त एचडी डीव्हीडीकडे गेलं तेव्हा हिशेब चार विरुद्ध तीन झाला. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नरने एचडी डीव्हीडी सोडायचं जाहीर केलं आणि तो चार विरुद्ध दोन झाला. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढची बरीच उत्तरं त्यांवरच उभी आहेत.

३. पण सिनेमांची यादी पाहून लोक खरंच प्लेअर घेतात का? किंमत आणि चित्राचा दर्जा बघत नाहीत?

किंमत बघतातच. पण दुकानात उभा असलेला माणूस लेझरची तरंगलांबी विचारत नाही. आपण पुन्हा पुन्हा बघतो ते चार-पाच सिनेमे तो मनात आणतो आणि "हे यात मिळतील ना?" असं विचारतो. त्यातला एक जरी "नाही" निघाला की खरेदी अडते. दोन्ही बाजू मिळून लोकांना हेच सांगत होत्या, की तुमच्या आवडीतलं काहीतरी पलीकडच्या बाजूला आहे.

इथे तिसरा खेळाडू विसरू नका. घरातली डीव्हीडी चालूच होती. त्यामुळे गोंधळलेला ग्राहक शत्रूच्या बाजूला जात नव्हता, तो घरी जाऊन डीव्हीडीच बघत होता. एकाच बाजूला बांधलेला प्रत्येक सिनेमा आपल्या प्लेअरची थोडी विक्री वाढवायचा आणि त्याच वेळी एकूण बाजाराला थोडं थांबवायचा. स्टुडिओंना जास्त भीती या थांबण्याची होती, कारण तेव्हा डीव्हीडीची वाढ मंदावत होती आणि पुढचं उत्पन्न एचडी डिस्कमधून यायला हवं होतं.

सिनेमा मोजताना आमचा नियम सरळ आहे : दोन्हीकडे मिळणारा सिनेमा तराजूच्या कोणत्याच पारड्यात नाही. एकाच बाजूला मिळणारा सिनेमा मोजायचा. आणि त्याहून जड असतो तो आपल्या बाजूला कधीच न येणारा सिनेमा.

४. मग दोन्ही फॉरमॅटमध्ये आलेल्या सिनेमाची विक्री बघून काहीच कळत नाही का?

कळतं, आणि फार चांगलं कळतं. असा सिनेमा म्हणजे थर्मामीटर. तो ताप वाढवत नाही, पण किती आहे ते दाखवतो. वॉर्नरचा '३००' हा सिनेमा ३१ जुलै २००७ ला दोन्ही फॉरमॅटमध्ये एकाच दिवशी आला. सिनेमा तोच, जाहिरातही तीच, तरी ब्ल्यू-रेची विक्री साधारण दुप्पट झाली. हातात प्लेअर असलेले आणि डिस्क विकत घेणारे लोक कोणत्या बाजूला जास्त आहेत, हे स्टुडिओंना यातून स्वच्छ दिसलं.

एक अपवाद ध्यानात ठेवा. "दोन्हीकडे" म्हणजे नेहमीच एकाच दिवशी असं नव्हतं. वॉर्नरची मेट्रिक्स मालिका एचडी डीव्हीडीवर मे २००७ मध्ये आली, ब्ल्यू-रेवर थेट ऑक्टोबर २००८ मध्ये. चालू सिनेमावर कोपऱ्यात दुसरं चित्र दाखवायची सोय एचडी डीव्हीडीच्या प्रत्येक प्लेअरमध्ये पहिल्या दिवसापासून सक्तीची होती. ब्ल्यू-रेच्या सुरुवातीच्या प्लेअरमध्ये ती नव्हती. त्यामुळे कागदावर तटस्थ असलेला स्टुडिओही काही महिने एका बाजूला झुकलेला दिसायचा.

५. पॅरामाउंट एचडी डीव्हीडीकडे गेलं, तरी पारडं का फिरलं नाही?

२० ऑगस्ट २००७ ला पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशन यांनी ब्ल्यू-रे सोडायचं जाहीर केलं. यासाठी १५ कोटी डॉलरच्या मोबदल्याचा आकडा तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आला. 'ट्रान्सफॉर्मर्स' हा त्या वर्षीचा मोठा सिनेमा ऑक्टोबरमध्ये फक्त एचडी डीव्हीडीवर आला. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी दिग्दर्शित केलेले सिनेमे मात्र या करारातून वगळले होते.

चाल जोरदार होती, पण तिने ब्ल्यू-रेचं एक नाव कमी केलं, एचडी डीव्हीडीच्या यादीत नवं काही घातलं नाही. पॅरामाउंट तिथे आधीपासून होतंच. पाच-तीनचं चार-तीन झालं. डिस्ने, फॉक्स आणि सोनी हवे असणाऱ्या कुटुंबाला एचडी डीव्हीडी अजूनही अपुरीच होती. लहान मुलांच्या घरात डिस्ने नाही म्हटल्यावर पुढचं बोलणंच होत नाही.

झालं ते एवढंच, की लढाई लांबली. त्या दिवाळी-नाताळच्या मोसमात अमेरिकेत तोशिबाचा एक प्लेअर काही दिवस शंभर डॉलरच्याही खाली विकला गेला. प्लेअर स्वस्त झाले, पण ते घेणाऱ्यांना हव्या त्या डिस्क मिळत नव्हत्या.

६. वॉर्नरच्या एका निर्णयाने सगळं कसं संपलं?

४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने मेअखेरनंतर फक्त ब्ल्यू-रे काढणार असं जाहीर केलं. हे नीट समजून घेण्यासारखं आहे : या घोषणेने ब्ल्यू-रेच्या बाजूला एकही नवा स्टुडिओ आला नाही. वॉर्नर तिथे आधीच होतं. फरक पडला तो एचडी डीव्हीडीच्या यादीत. तिथले तीन स्टुडिओ दोन झाले, आणि गेला तो सगळ्यात मोठा. डीव्हीडीच्या बाजारात वॉर्नरचा वाटा इतर कोणत्याही स्टुडिओपेक्षा जास्त होता.

मग दुकानदार हलले. ११ फेब्रुवारीला नेटफ्लिक्सने पुढे फक्त ब्ल्यू-रे ठेवणार असं सांगितलं (तेव्हा ती टपालाने डिस्क भाड्याने देणारी कंपनी होती), १५ तारखेला वॉलमार्टने. १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद केल्याचं जाहीर केलं. वॉर्नरच्या घोषणेपासून ४६ दिवस. युनिव्हर्सल त्याच दिवशी ब्ल्यू-रेकडे वळलं आणि पाठोपाठ पॅरामाउंट.

इतक्या झपाट्याने कोसळायचं कारण प्रश्न ३ मध्येच आहे. यादी आटतेय हे दिसलं की दुकानदार रॅकवरची जागा कमी करतो. जागा कमी दिसली की ग्राहक घाबरतो. ग्राहक घाबरला की उरलेला स्टुडिओ आपला माल तिथे अडकवत नाही.

७. सुरुवातीला एचडी डीव्हीडीचं चित्र जास्त चांगलं होतं असं ऐकलं. खरं का?

पहिल्या काही महिन्यांपुरतं, हो. ब्ल्यू-रेचे पहिले सिनेमे २५ जीबीच्या एकथरी डिस्कवर आणि जुन्या एमपीईजी-२ पद्धतीने दाबलेले होते. एचडी डीव्हीडीवर दोनथरी ३० जीबी डिस्क आणि नवी व्हीसी-१ पद्धत होती. 'द फिफ्थ एलिमेंट'ची पहिली ब्ल्यू-रे इतकी मऊ आणि डागाळलेली दिसायची, की २००७ मध्ये तीच नव्या प्रतीवरून पुन्हा काढावी लागली. दोनथरी डिस्क आणि नव्या पद्धती रुळल्यावर हा फरक मिटला. पहिल्या दिवशीची खराब डिस्क फॉरमॅटचं नाव घालवते, म्हणून स्टुडिओने पहिला सिनेमा कोणता निवडला याला महत्त्व असतं.

८. आपले तीन तासांचे हिंदी सिनेमे ३० जीबीत मावले असते का?

मावले असते, पण दाबून. हिशेब करून बघा. सेकंदाला ३० मेगाबिट या दराने दोन तासांचा सिनेमा : ३० × ७२०० ÷ ८ = २७,००० एमबी, म्हणजे २७ जीबी. ३० जीबीत बसला. तोच दर ठेवून तीन तास : साडेचाळीस जीबी. ब्ल्यू-रेच्या ५० जीबीत सहज, एचडी डीव्हीडीत नाही. दर २५ वर आणला तरी पावणेचौतीस जीबी होतात.

याला उलट उदाहरणही आहे. १८७ मिनिटांचा 'किंग काँग' एका ३० जीबी एचडी डीव्हीडीवर बसवला होता, म्हणजे चित्र आणि आवाज मिळून सरासरी जेमतेम २१ मेगाबिट. तरी ती त्या फॉरमॅटची दाखवायची डिस्क ठरली. तेव्हा जागा कमी असली तरी कसबी माणूस काम निभावून नेतो. मात्र प्रत्येक सिनेमाला तेवढी मेहनत घेतली जात नाही, आणि त्यात दोन-तीन भाषांचे आवाज व वेगळी मुलाखत-फीत घालायची असेल तर ५० जीबीचा मोकळेपणा खरोखर उपयोगी पडतो.

९. खरं तर पीएस३मुळे ब्ल्यू-रे जिंकला ना? मग सिनेमांचं काय एवढं?

दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. पीएस३ (सोनीचं खेळाचं यंत्र, प्लेस्टेशन ३) नोव्हेंबर २००६ मध्ये आला आणि प्रत्येक यंत्रात ब्ल्यू-रे वाचणारा ड्राइव्ह होता. खेळासाठी घेतलेलं यंत्र आपोआप सिनेमाचा प्लेअर झालं. त्याच महिन्यात एक्सबॉक्स ३६० या मायक्रोसॉफ्टच्या खेळाच्या यंत्रासाठी एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह आला, पण तो वेगळा, १९९ डॉलर देऊन विकत घ्यायचा. वेगळी घ्यावी लागणारी वस्तू थोडेच घेतात.

पण पीएस३ घरात आहे म्हणून डिस्क विकली जात नाही. त्या घरात बघण्यासारखे सिनेमे दुकानात असावे लागतात. पीएस३ने घरं दिली, स्टुडिओंनी कारण दिलं, आणि वॉर्नरला '३००'सारख्या सिनेमाच्या विक्रीतून (प्रश्न ४) त्या घरांची संख्या दिसली. एक ओढलं की दुसरं येतं, असं ते होतं.

१०. सगळ्यात मोठे सिनेमे या लढाईत कोणाकडे होते?

कोणाकडेच नाही! जमवणारे ज्या नावांची वाट बघत होते ती आलीच नाहीत. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ब्ल्यू-रेवर २०१० मध्ये आला, 'स्टार वॉर्स' २०११ मध्ये, 'टायटॅनिक' आणि 'इंडियाना जोन्स' २०१२ मध्ये. हुकमाचा पत्ता कोणी डळमळीत टेबलावर टाकत नाही. तेव्हा "एका मोठ्या सिनेमाने लढाई जिंकली" असं कोणी सांगितलं तर मानू नका. निकाल लावला तो मधल्या फळीच्या शेकडो सिनेमांनी.

११. प्रौढांच्या सिनेमांनी निकाल लावला म्हणतात. आणि बीटामॅक्सचंही तसंच झालं होतं का?

पहिलं, नाही. तो उद्योग सुरुवातीला एचडी डीव्हीडीकडे झुकला होता आणि हरला तोच फॉरमॅट. तोवर तो माल इंटरनेटवर पोचलेला होता.

बीटामॅक्सची, म्हणजे व्हीएचएसशी लढलेल्या सोनीच्या व्हिडिओ कॅसेटची, गोष्ट थोडी वेगळी. तिथे पहिला घाव कॅसेटच्या लांबीने घातला : सुरुवातीची बीटामॅक्स तासाभराची, व्हीएचएस दोन तासांची, म्हणजे एक पूर्ण सिनेमा. नंतर भाड्याने कॅसेट देणाऱ्या दुकानांत व्हीएचएसच्या कॅसेट वाढत गेल्या आणि मग प्रश्न ६ मधल्यासारखंच चक्र फिरलं.

१२. मोठ्या स्टुडिओंचे सिनेमे असूनही फॉरमॅट बुडाला, असं झालंय का?

हो, आणि पुढची दोन्ही उदाहरणं आमच्या म्हणण्याची मर्यादा दाखवतात.

डी-थिएटर : २००२ मध्ये अमेरिकेत जेव्हीसीने डिजिटल व्हीएचएस कॅसेटवर एचडी सिनेमे आणले. फॉक्स, युनिव्हर्सल, ड्रीमवर्क्स आणि आर्टिझन असे चार स्टुडिओ सोबत होते. चित्र उत्तम. पण डीव्हीडीची सवय लागलेल्या माणसाला कॅसेट पुन्हा गुंडाळायची नव्हती.

सीबीएचडी : एचडी डीव्हीडीच्याच तंत्रावर चीनने २००९ मध्ये स्वतःचा फॉरमॅट काढला. वॉर्नरनेही त्यावर सिनेमे दिले. तरी तो चीनबाहेर गेला नाही आणि तिथेही टिकला नाही.

सिनेमे असणं ही पहिली पायरी आहे. वापरायची सोय आणि घरोघरी यंत्रं नसतील तर ती पायरी एकटी पुरत नाही.

१३. ठाण्यात किंवा नवी मुंबईत ही लढाई कधी दिसलीच नाही. असं का?

कारण त्या वर्षांत आपला बाजार वेगळीच उडी मारत होता, व्हीसीडीवरून डीव्हीडीवर. २००७ मध्ये मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. त्या भावात कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही हिंदी सिनेमा लटकू लागला. मराठी सिनेमे आणि नाटकंही बहुतेक व्हीसीडीवरच. जिथे हवा तो सिनेमा २८ रुपयांत मिळतो आणि टीव्ही डबा पिक्चर ट्यूबचा आहे, तिथे हजारोंचा प्लेअर घ्यायला कारण काय?

म्हणजे इथेही नियम तोच लागू झाला. एचडी डीव्हीडीवर आपल्या भाषांचे सिनेमे नव्हते आणि तिने इथे कधी बस्तान बसवलं नाही. ब्ल्यू-रे नंतर हळूहळू आला, तो मोठ्या हिंदी निर्मात्यांनी डिस्क काढायला सुरुवात केल्यावर.

१४. अमेरिकेतून नातेवाइकाने आणलेली ब्ल्यू-रे इथल्या प्लेअरवर चालेल का?

खोक्याची मागची बाजू बघा. षटकोनी चिन्हात ए, बी किंवा सी असतं. भारत सी विभागात येतो, अमेरिका आणि जपान ए मध्ये, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी मध्ये. फक्त ए छापलं असेल तर सी विभागाचा प्लेअर ती नाकारू शकतो. तिन्ही अक्षरं असतील तर बिनधास्त लावा. वॉर्नर, युनिव्हर्सल आणि पॅरामाउंटच्या बऱ्याच डिस्कना विभागाचं कुलूप नसतं, फॉक्सच्या जुन्या डिस्कना बहुधा असतं.

दोन खाचाखोचा. त्याच खोक्यात सोबत डीव्हीडी असेल तर तिचा विभाग वेगळा मोजला जातो : अमेरिकेचा १, आपला ५. म्हणून ब्ल्यू-रे चालते आणि डीव्हीडी चालत नाही, असं होतं. आणि ४के अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रेला (ब्ल्यू-रेची पुढची, आणखी बारीक चित्राची पिढी) विभागच नाहीत, कुठल्याही देशातली डिस्क ४के प्लेअरवर चालते.

१५. अमेरिकेत फक्त ब्ल्यू-रेवर निघालेला सिनेमा एचडी डीव्हीडीवर दिसला. नक्कल आहे का?

असेलच असं नाही. एकाच सिनेमाचे हक्क देशागणिक वेगवेगळ्या कंपन्यांकडे असतात. 'टर्मिनेटर २' अमेरिकेत लायन्सगेटमुळे ब्ल्यू-रेवर, तर फ्रान्समध्ये स्टुडिओकॅनालकडून एचडी डीव्हीडीवर आला. एचडी डीव्हीडीला विभागाचं कुलूप नव्हतं, त्यामुळे अमेरिकेतले शौकीन युरोपातून डिस्क मागवून आपल्या यादीतली भोकं बुजवत. प्रश्न २ मधला हिशेब अमेरिकेपुरता आहे, तो यासाठीच. ओळखायला सोपी खूण : एचडी डीव्हीडीचं खोकं लाल, ब्ल्यू-रेचं निळं, ४केचं काळं.

१६. जुन्या सामानात एचडी डीव्हीडी मिळाल्या. ब्ल्यू-रे प्लेअरवर लागतील?

नाही. नेहमीचा ब्ल्यू-रे प्लेअर त्या वाचत नाही. २००७ च्या सुमाराला एलजीने दोन्ही चालवणारा प्लेअर काढला होता, पण तो दुर्मीळ. तीन मार्ग उरतात :

- डिस्क दुहेरी आहे का बघा. काहींच्या एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी असते. छापील चित्र नसतं, दोन्ही बाजू चकचकीत, नाव आतल्या कड्यावर बारीक अक्षरांत. डीव्हीडीची बाजू साध्या प्लेअरवर चालेल, प्रश्न १४ मधला विभाग जुळला तर.
- एक्सबॉक्स ३६० चा वेगळा ड्राइव्ह यूएसबीने संगणकाला लागतो. त्यासाठी त्या काळचं प्लेअर सॉफ्टवेअर लागतं, कारण नव्या आवृत्त्यांतून एचडी डीव्हीडी काढून टाकली आहे.
- तोशिबाचा जुना प्लेअर. अमेरिकेतला असेल तर मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट लिहिलेलं असेल. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला तो थेट लावलात तर आतला वीजपुरवठा जळेल. पट्टीवरचे वॉट वाचा आणि त्याच्या दुप्पट क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या.

पैसे देण्याआधी प्रत्येक डिस्क शेवटपर्यंत चालवून बघा. दोन थर चिकटवलेल्या या डिस्क काही वेळा आतून खराब होतात. वरून ओरखडा नसतो, पण सिनेमा मध्यावर, दुसरा थर सुरू होतो तिथे, अडकतो.

१७. जुना ब्ल्यू-रे प्लेअर जुने सिनेमे चालवतो, नवा मात्र "लोडिंग"वरच थांबतो. लेन्स गेली का?

बहुधा नाही. लेन्स गेली असती तर जुनेही अडखळले असते. ब्ल्यू-रेच्या कुलपाच्या चाव्या अधूनमधून बदलतात आणि नव्या डिस्क नवी चावी मागतात. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलचं फर्मवेअर (प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) शोधा, पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करून त्यात उतरवा, प्लेअरला लावा आणि मेनूतून अपडेट द्या. ते चालू असताना वीज जाता कामा नये. पावसाळ्यात लाइट जाते तिथे इन्व्हर्टरवर लावूनच करा, कारण अर्धवट अपडेट झालेला प्लेअर बहुधा पुन्हा सुरू होत नाही. फर्मवेअर मिळतच नसेल तर त्या प्लेअरची यादी तिथे संपली असं समजा.

१८. पावसाळ्यात डिस्कवर पांढरट बुरशी येते. ओरखडे पॉलिश करून घेऊ का?

बुरशी पुसा, पण ब्ल्यू-रे पॉलिश करू नका. डीव्हीडीवर ०.६ मिलिमीटर प्लॅस्टिक असतं, त्यातलं थोडं घासलं तरी चालतं. ब्ल्यू-रेवर फक्त ०.१ मिलिमीटर, आणि त्याच्याही वर पातळ कठीण लेप. तो लेप आहे म्हणून ब्ल्यू-रेला सहसा ओरखडा पडत नाही. पॉलिशचं यंत्र पहिल्या फेरीतच तो काढून टाकतं. टूथपेस्टही नको.

पुसायची रीत : डिस्क कडेने धरा, डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलं केलेलं मायक्रोफायबर कापड घ्या, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल नको, कारण गोल ओरखडा माहितीच्या रेघेवरूनच जातो आणि एकामागून एक तुकडा बिघडवतो. खाडीच्या बाजूच्या इमारतींत, कोलशेत काय किंवा पाम बीच रोड काय, डिस्क बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. बंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या दर महिन्याला वाळवा.

१९. ४केमध्ये तर एकच फॉरमॅट आहे. मग आता सिनेमांवरून भांडण नाही ना?

डिस्कवरून नाही, पण तेच दुखणं एचडीआरमध्ये, म्हणजे चित्रातला उजेड-अंधार जास्त खुलवणाऱ्या पद्धतीत, शिरलं. काही सिनेमांना डॉल्बी व्हिजन, काहींना एचडीआर१०+. सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नाही. सुदैवाने एचडीआर असलेल्या प्रत्येक ४के डिस्कवर साधं एचडीआर१० पायाला असावंच लागतं, त्यामुळे सिनेमा कुठेच अडत नाही, फक्त वरचा थर वाया जातो. २००६ मध्ये अशी समान पायरी ठेवली असती तर ग्राहकांचे दोन वर्षांचे पैसे वाचले असते, असं आम्हाला मनापासून वाटतं.

यादीचं वजन इथेही दिसलं. ४के डिस्क २०१६ मध्ये आल्या, पण डिस्नेने पहिली डिस्क ऑगस्ट २०१७ मध्ये काढली. तोवर "डिस्ने येऊ दे, मग घेतो" म्हणून थांबलेले लोक कमी नव्हते. आजची यादीची लढाई ऑनलाइन सेवांमध्ये आहे आणि तिथला सिनेमा करार संपला की निघून जातो. शिवाय तिथे ४केला सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट मिळतात, ४के डिस्कवर १०० च्या पुढेही.

२०. ४के डिस्क कशावर चालेल? पीएस४ प्रो आणि संगणक आहे.

पीएस४ प्रोवर नाही, जाहिरातीत ४के मिरवत असला तरी. डिस्क ड्राइव्हवाला पीएस५, एक्सबॉक्स वन एस, वन एक्स किंवा सिरीज एक्स चालतील, पण यांतल्या कशावरही डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन मिळत नाही. ते हवं असेल तर स्वतंत्र प्लेअर घ्या. संगणकावर अधिकृतपणे ४के डिस्क चालवायला इंटेलची एसजीएक्स ही सोय लागते, आणि ती सातव्या ते दहाव्या पिढीच्या ठरावीक प्रोसेसरपुरतीच कामी येते. पुढच्या पिढ्यांतून काढली आहे. नवा, महागडा संगणक घेतल्यावर जुन्यावर चालणारी डिस्क बंद पडते ती यामुळे. प्लेअर कोणताही घ्या, केबल "अल्ट्रा हाय स्पीड" किंवा निदान "प्रीमियम हाय स्पीड" एचडीएमआय असू द्या. चित्र मध्येच काळं होऊन परत येत असेल तर आधी केबल बदलून बघा.